खरखर आली म्हणजे व्हॉल्व्ह गेलाच असे नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरातील जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांनी (व्हॉल्व्हनी) गाण्याचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राची, निगा कशी राखावी याविषयी एक छोटे टिपण आले आहे. या विषयावर मराठी वृत्तपत्रात चार ओळी छापून याव्यात याचा मला आनंदच आहे. परंतु त्यातील ‘आवाजात खरखर येऊ लागली किंवा व्हॉल्व्ह लाल झाला, तर तो गेला असे समजून नवा बसवावा’ हे एक वाक्य वाचकांना नाहक खर्चात पाडणारे आहे. हे मी अनुमानाने लिहीत नाही. याच समजुतीपायी गेल्या मार्गशीर्षात माझे ८,६०० रुपये गेले आणि दोष होता तिथेच राहिला.

माझा ॲम्प्लिफायर १९७४ साली सोलापुरातीलच एका रेडिओ मेकॅनिकने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून बांधून दिलेला आहे. त्याला डावी आणि उजवी अशा दोन बाजू आहेत. प्रत्येक बाजूला प्रत्यक्ष स्पीकर चालवणारे ईएल ८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह, त्यांच्या आधी ईसीसी ८३ हा एक, आणि दोन्ही बाजूंना लागणारा उच्च दाबाचा डीसी तयार करणारा जीझेड ३४ हा सामाईक एक, असे एकंदर सात व्हॉल्व्ह त्यात आहेत. ईसीसी ८३ च्या एकाच काचेत दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह नांदत असतात. माझ्याकडील मांडणीत त्यातील पहिला आवाज वाढवतो आणि दुसरा त्याची परस्परविरुद्ध अशी दोन रूपे करून दोन ईएल ८४ कडे पाठवतो. एवढा तपशील अशासाठी दिला, की पुढचा सगळा शोध या डाव्या-उजव्या जोडीमुळेच लागला. मूळचे ईएल ८४ बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे होते आणि त्यांच्याबद्दल माझी कधीही तक्रार नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर डाव्या स्पीकरमध्ये तव्यावर मोहरी तडतडावी तशी खरखर येऊ लागली. द्रुत गायन चालू असताना ती लपून जाई. पण आलापाच्या सुरुवातीला नुसता तंबोरा चालू असला, की त्या षड्जामागे ती स्पष्ट ऐकू येत असे. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी खोलीतील दिवा लावायच्या आधी मला दिसले, की डाव्या बाजूच्या मागच्या ईएल ८४ ची प्लेट राखेखालच्या निखाऱ्यासारखी लालसर झाली आहे. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांच्यासाठी येथेच सांगतो, की व्हॉल्व्हच्या मधोमध, वरच्या आणि खालच्या टोकाला दिसणारा नारिंगी प्रकाश हा आतल्या हीटरचा असतो आणि तो असलाच पाहिजे. मात्र त्याभोवतीची करडी-काळी धातूची प्लेट स्वतः कधीही लाल दिसता कामा नये. दिसली तर गाणे संपण्याची वाट न पाहता बटण बंद करावे.

मी ते यंत्र शहरातील एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. माझे आयुष्य एका कापड गिरणीच्या विद्युत विभागात गेलेले असताना मी हे काम स्वतः का केले नाही, असा प्रश्न घरच्यांनीही विचारला; त्याचे खरे उत्तर चष्म्याचा वाढलेला नंबर आणि आळस हेच आहे. त्या गृहस्थांनी यंत्र चालू करून पाहिले, लाल प्लेट पाहिली आणि चारही ईएल ८४ बदलले. खरखर पहिल्या दिवसापासून तशीच होती. त्यावर ‘नवे आहेत काका, आठवड्याभरात बसतील’ असे उत्तर मिळाले. वीस दिवसांनी, ऐन संक्रांतीच्या आदल्या रात्री, सारे शहर गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत असताना, नवा व्हॉल्व्ह त्याच जागी तसाच लाल झाला.

त्या रात्री मला गिरणीतील जॉबर, म्हणजे माग लावून देणारे जाणते कारागीर, आठवले. मागावर धागा वारंवार तुटू लागला, तर अनुभवी जॉबर धोटा (मागावर आडवा धागा वाहून नेणारा भाग) लगेच बदलायला सांगत नाही. तो तोच धोटा शेजारच्या मागावर चढवून पाहतो. तिथेही धागा तुटला तर खोट धोट्यात असते, आणि तिथे तो नीट चालला पण पहिल्या मागावर दुसऱ्या धोट्यानेही धागा तुटला तर खोट मागात असते. ॲम्प्लिफायरला दोन बाजू असल्यामुळे शेजारचा माग घरातच उपलब्ध असतो, आणि फ्यूज सोडला तर व्हॉल्व्ह हा त्यातील असा एकमेव भाग आहे जो सोल्डर न काढता हाताने उपसता येतो. म्हणूनच संशय पहिल्यांदा त्याच्यावर जातो. पण त्याच कारणाने त्याची तपासणीही एक रुपया खर्च न करता होऊ शकते, आणि नेमकी तीच कोणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पूर्ण थंड असताना मी डावीकडचा लाल होणारा ईएल ८४ उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला. स्पीकर जोडलेलेच ठेवून, कारण स्पीकरविना असे यंत्र चालवले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते, मी बटण चालू केले आणि पडदा ओढून समोर बसून राहिलो. तासाभराने चासी, म्हणजे यंत्राचा धातूचा सांगाडा, चांगली तापल्यावर डावीकडची मागचीच जागा पुन्हा लाल होऊ लागली. मात्र आता तिथे बसलेला व्हॉल्व्ह उजवीकडून आलेला, निर्दोष होता. ज्याला दोषी ठरवले होते तो उजवीकडे शांतपणे काम करत होता. म्हणजे खोट मागात होती. त्यानंतर मी दोन्ही ईसीसी ८३ ची अदलाबदल केली, आणि येथे उलटे घडले: खरखर डावीकडून उजवीकडे गेली. एकाच बाजूला एकाच वेळी दोन वेगवेगळे दोष होते. जो व्हॉल्व्ह खरोखर खराब होता त्याला दुरुस्तीवाल्याने हातही लावला नव्हता, आणि जे चार त्याने बदलले ते बदलण्याची गरजच नव्हती.

या अदलाबदलीत एक फसगत होऊ शकते आणि मीही तिला बळी पडलो असतो. आमचे घर पूर्व भागात आहे. भोवती यंत्रमाग असल्याने सुताची बारीक लव खिडक्या लावल्या तरी घरभर बसते, आणि पावसाळी दमटपणात ती सॉकेटच्या छिद्रांत चिकटून राहते. शिवाय पन्नास वर्षांच्या पिनांवर काळपट थर चढलेला असतोच. व्हॉल्व्ह उपसून पुन्हा बसवताना तो थर घासला जातो आणि कधी कधी तेवढ्यानेच खरखर थांबते. अशा वेळी नवीन व्हॉल्व्ह बसवणाऱ्याला वाटते, की नव्याने काम केले. प्रत्यक्षात ते काम पिन घासल्याने झालेले असते. म्हणून दोष दुसऱ्या बाजूला गेला तरी व्हॉल्व्ह पुन्हा मूळ जागी आणून दोष त्यांच्यासोबत परत येतो की नाही हे पाहावे, आणि दोष दोन्हीकडून नाहीसाच झाला तर काहीही विकत न घेता सॉकेट स्वच्छ करून आठ दिवस थांबावे. माझ्याकडील खरखर प्रत्येक वेळी त्याच ईसीसी ८३ बरोबर फिरली. लाकडी पेन्सिलीच्या टोकाने त्याच्या काचेवर हलकी टिचकी मारली, की स्पीकरमधून तडतड उमटे आणि तिची घणघण क्षणभर रेंगाळत राही. चांगल्या ईसीसी ८३ वर टिचकी मारली तरी थोडासा ‘टण्’ आवाज येतोच, त्यावरून त्याला खराब ठरवू नये. रेंगाळणारा आणि तडतडणारा आवाज मात्र आतील जाळी किंवा जोड सैल झाल्याची खूण समजावी.

आता लाल प्लेटचे कारण. ईसीसी ८३ च्या प्लेटवर माझ्या यंत्रात सुमारे २२० व्होल्ट डीसी असतो. तिथून आवाज तेवढा पुढे जावा आणि डीसी अडून राहावा म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर ईएल ८४ च्या ग्रिडच्या, म्हणजे आतल्या जाळीच्या, आधी बसवलेला असतो. हा कॅपॅसिटर जुना होऊन गळू लागला, की डीसी ग्रिडपर्यंत झिरपतो आणि ज्या ग्रिडने विद्युतप्रवाहाला लगाम घालायचा तीच त्याला मोकळे सोडते. हे तपासण्याची रीत सोपी आहे. संशयित जागेचा व्हॉल्व्ह उपसून ठेवावा, यंत्र चालू करावे आणि सॉकेटच्या २ क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, चासीच्या तुलनेत किती व्होल्ट आहेत ते पाहावे. तिथे शून्य असायला हवे. माझ्याकडे ९ व्होल्ट होते, आणि व्हॉल्व्ह तर टेबलावर ठेवलेला होता. तेव्हा दोष त्याचा असण्याचा प्रश्नच नव्हता. उलट व्हॉल्व्ह काढल्यावर शून्य आणि बसवून तापल्यावर धन दाब येत असता, तर व्हॉल्व्हमध्येच वायू शिरला आहे किंवा त्याची ग्रिड बिघडली आहे असे म्हणता आले असते. या एका मोजणीने व्हॉल्व्ह आणि कॅपॅसिटर यांच्यातील वाद मिटतो, आणि ती करायला पाच मिनिटे पुरतात.

कॅथोडवरील, म्हणजे व्हॉल्व्हमधील हीटरने तापणाऱ्या भागावरील, मोजणीही तेच सांगत होती. माझ्या यंत्रात प्रत्येक ईएल ८४ च्या कॅथोडला २७० ओहमचा स्वतंत्र रेझिस्टर आहे. तिन्ही चांगल्या जागी त्यावर १० व्होल्टांच्या किंचित वर, म्हणजे साधारण ३८ मिलिॲम्पिअर प्रवाह, तर लाल होणाऱ्या जागी १७ व्होल्ट, म्हणजे ६३ मिलिॲम्पिअर. त्यातील थोडा भाग त्याच व्हॉल्व्हमधील दुसऱ्या ग्रिडचा म्हणून वजा केला, तरी सुमारे २८० व्होल्टांवर प्लेटमध्ये १५ वॉटहून अधिक उष्णता होते, आणि ईएल ८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॉटची आहे. या परिस्थितीत त्या जागी कोणताही व्हॉल्व्ह बसवला असता तरी तो लालच झाला असता. आठ हजारांऐवजी ऐंशी हजारांचे बसवले असते तरी फरक पडला नसता.

नवा कॅपॅसिटर मला ४० रुपयांना मिळाला. डावीकडच्याच दुसऱ्या ईएल ८४ चा कॅपॅसिटर आणि उजवीकडचे दोन्हीही त्याच वयाचे असल्याने मी चारही बदलले, आणि ईसीसी ८३ तेवढा एक नवा घेतला. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने चार ईएल ८४ मी दुरुस्तीवाल्याकडून निघताना आग्रहाने मागून वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. ते पुन्हा बसवले. वारंवार लाल झालेला जो एक होता त्याच्या कॅथोडवर इतरांपेक्षा एक व्होल्ट कमी भरतो, म्हणजे तो थोडा थकलेला आहे, पण गाण्यात ते जाणवत नाही. बाकीचे तीन ठणठणीत आहेत.

खरोखर गेलेल्या व्हॉल्व्हच्याही ठळक खुणा असतात. काचेच्या माथ्यावरचा आरशासारखा चंदेरी पट्टा दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि त्यावर उपाय नाही. हीटर पेटतच नसेल तर ईएल ८४ च्या ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांमध्ये, व्हॉल्व्ह बाहेर काढून, मीटर लावावे. थोडेसे ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे आणि दोष सॉकेटचा आहे. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर दिसणारी निळसर झाक निरुपद्रवी असते, मात्र प्लेटच्या आत जांभळट-गुलाबी धूर भरल्यासारखा प्रकाश दिसला तर तो वायूचा असतो. स्पीकरमधील घुंघुं आवाज खालच्या पट्टीत, म्हणजे आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या सुरात असेल तर हीटर आणि कॅथोड यांच्यातील गळतीचा संशय घ्यावा. तो त्याच्या वरच्या सप्तकात, १०० हर्ट्झचा असेल तर बहुधा पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर वाळलेले असतात आणि व्हॉल्व्हचा त्यात काही अपराध नसतो. ज्यांचा कान सुरात तयार आहे त्यांना हा फरक मीटरशिवायही कळतो.

एका गोष्टीबाबत मात्र मला कळकळीने लिहिणे भाग आहे. व्हॉल्व्हची अदलाबदल यंत्र बंद करून, प्लग काढून, काच थंड झाल्यावर कोणीही करू शकतो. सरळ वर ओढावे, पिळू नये, एवढेच पथ्य. परंतु चासी उलटी करून मोजणी करणे हे काम माहीतगारानेच करावे. आत ३०० व्होल्टांचा डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठून राहतो. हात घालण्यापूर्वी १० किलोओहमच्या जाड रेझिस्टरमधून तो उतरवावा, मीटरने तो उतरल्याची खात्री करावी, आणि चालू यंत्रावर मोजताना डावा हात खिशात ठेवावा. कॅपॅसिटरची दोन टोके स्क्रूड्रायव्हरने टेकवून ठिणगी पाडण्याची जी रीत काही दुकानांतून दिसते, ती अंगावरही बेतते आणि कॅपॅसिटरवरही. तसेच फ्यूज उडाला म्हणून त्याजागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. जीझेड ३४ आतून शॉर्ट झाला असेल, तर त्या चांदीपायी थेट मेन ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो मिळवणे व्हॉल्व्ह मिळवण्याहून अवघड आहे.

आज आपल्या देशातील व्हॉल्व्हचे उत्पादन केव्हाच थांबलेले आहे. नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात, त्यामुळे तिकडे काही घडले की इकडे भाव चढतो. अशा वेळी चांगले व्हॉल्व्ह कचऱ्यात जाणे परवडणारे नाही. दुरुस्तीवाल्यांना माझी विनंती एवढीच आहे, की भाव सांगण्याआधी ग्राहकासमोर एकदा अदलाबदल करून दाखवावी आणि काढलेले व्हॉल्व्ह न मागता परत द्यावेत. व्हॉल्व्ह टेस्टरवर तपासल्याचे सांगणाऱ्यांवरही पूर्ण विसंबू नये. बरेच जुने टेस्टर कमी दाबावर नुसता प्रवाह निघतो की नाही एवढेच पाहतात, आणि तिथे उत्तीर्ण झालेला व्हॉल्व्ह ३०० व्होल्टांवर तडतडू शकतो. त्या दृष्टीने आपले यंत्र हाच उत्तम टेस्टर आहे.

तो गळका कॅपॅसिटर मी त्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. भांडायला नव्हे, त्याचे वय माझ्या मुलाएवढे आहे आणि अशी यंत्रे हाती घेणारे आता उरलेत किती. त्याने तो मीटरला लावला. मीटरने काहीच दाखवले नाही. ‘काका, हा तर चांगला आहे,’ तो म्हणाला. त्यात त्याची चूक नव्हती. गळती होती ती एक कोटीहून अधिक ओहममधून, आणि त्याच्या मीटरची मजल वीस लाखांपर्यंतच होती. त्याच्या टेबलावर एक जुना रेडिओ उघडा पडला होता, त्याच्या २२० व्होल्ट डीसीच्या तारेला मी त्यालाच तो कॅपॅसिटर जोडायला सांगितले आणि दुसऱ्या टोकाला व्होल्टवर लावलेला मीटर धरायला लावला. काटा नसलेल्या त्या मीटरचे आकडे काही क्षण धावले आणि ७० व्होल्टांवर येऊन थांबले. मग नवा कॅपॅसिटर तसाच लावला, तेव्हा आकडे उतरत उतरत शून्याजवळ गेले. त्याने दोन्ही कॅपॅसिटर पुन्हा एकदा आळीपाळीने लावून पाहिले आणि गळका स्वतःजवळ ठेवून घेऊ का, असे विचारले. मी तो त्याला दिला.

आपल्या पुरवणीतील ते वाक्य येत्या रविवारी दुरुस्त करून छापावे, आणि जागा असल्यास व्हॉल्व्ह काढून ग्रिडवरील दाब मोजण्याची रीत त्यासोबत द्यावी, ही विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त गिरणी वायरमन,
पूर्व भाग, सोलापूर